गाळलेले पाणी आणि विकतचे पाणी

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब आणि घंगाळ चिंचेने लख्ख घासून पाणी भरून ठेवायचे, ही चाल आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. त्या पाण्याला हळदकुंकू लागते. अभ्यंगाच्या पाण्याचा एवढा मान, तर पिण्याच्या पाण्याचा केवढा असला पाहिजे! पण अलीकडे दिवाळीच्या पाहुण्यांची चाहूल लागली की पहिला निरोप जातो तो पाण्याचे जार पोहोचवणाऱ्याला. घरात माठ असतो, ओट्याच्या कडेला फिल्टरही असतो. तरी पाहुण्यांपुढे सीलबंद बाटलीच ठेवावी, असा एक नवा शिष्टाचार आपल्यात रुजला आहे. तो येण्यापूर्वी माणसे पाणी कसे शुद्ध करीत, याचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडावा, असे मनात आहे. हा इतिहास राजवाड्यांत घडलेला नाही. पाणवठ्यांवर आणि स्वयंपाकघरांत घडलेला आहे. म्हणूनच की काय, शाळेच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही.

सुश्रुतसंहितेत पाण्याचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आहे. गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय तिथे सांगितले आहेत: निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. पाणी दूषित असेल तर ते विस्तवावर किंवा उन्हात तापवावे, नाहीतर तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा त्यात बुडवावा, असेही सांगितले आहे. निवळीचे बी उगाळून मडक्यात आतून चोळले, की पाण्यात तरंगणारे मातीचे कण एकमेकांना धरतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तुरटी हेच काम करते.

वर्गात हा पाठ शिकवताना मी काचेच्या दोन पेल्यांत गढूळ पाणी घेते आणि एकात तुरटी फिरवते. तासाभराने ते पाणी नितळ होते. मग मुलांना विचारते, "आता हे पिण्याजोगे झाले का?" सगळा वर्ग एका सुरात "हो, बाई!" म्हणतो. नितळ आणि निर्मळ यांतला फरक मुलांना उमगायला तास लागतो. माणसाला तो उमगायला दोन हजार वर्षे लागली.

सुश्रुताच्या यादीतले वस्त्र मात्र फार कर्तबगार निघाले. घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी भरणे, ही आपल्या आज्या-पणज्यांची रोजची सवय. जैन घरांत तर न गाळलेले पाणी प्यायचे नाही, हा जीवदयेचा नियमच. या साध्या फडक्याने आपल्या देशातून एक रोग हद्दपार व्हायला केवढा हातभार लावला! तो रोग म्हणजे नारू. हातभर लांबीचा, कधी त्याहूनही लांब असा हा जंत माणसाच्या पायातून बाहेर पडे. आग शमवायला रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी, जंताची पिल्ले पाण्यात सुटत, तिथल्या सूक्ष्म पाणपिसवा ती गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पुन्हा नारू वाढे. या रोगावर लस नाही की जंत मारणारे औषध नाही. पण पाणपिसू कापडाच्या विणीतून पार होत नाही. १९८३-८४ साली सरकारने मोहीम काढली. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले, पाण्यात पिसवा मारणारे द्रव्य टाकले आणि घरोघर सांगितले की, पाणी गाळून प्या. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. या यशाचा मोठा वाटा घागरीवर फडके बांधणाऱ्या बायकांचा आहे.

पटकीची गोष्ट याहून भीषण. साथ आली की गावकरी मरीआईचा गाडा सजवून वेशीबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आपल्या वेशीबाहेर ढकलावा. देवी गाड्यातून जाई. रोग मात्र विहिरीतच राही. हे अडाणीपण केवळ आपलेच होते असे नाही. लंडनचे शहाणेही दुर्गंधी हवेने पटकी होते असे मानीत. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टराने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती मृत्यू कसे दाटले आहेत ते दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉखने आपल्या कलकत्त्यात येऊन तिथल्या तळ्याच्या पाण्यातही पटकीचा जंतू दाखवून दिला.

तरी डोळे उघडायला १८९२ साल यावे लागले. जर्मनीत एल्बे नदीकाठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरे अगदी लागून होती. दोन्ही शहरे नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला. त्याच्या वाट्याला हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी येई. पण आल्टोना ते वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेई. हॅम्बुर्ग श्रीमंत व्यापाऱ्यांचे शहर. तिथे गाळणीच्या खर्चावरून वर्षानुवर्षे घोळ चालला होता. त्या साली पटकी आली आणि हॅम्बुर्गात साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. दोन शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यात एका बाजूच्या घरांत मृत्यू आणि समोरच्या बाजूला जवळजवळ शांतता, असा देखावा होता. हवा तीच, नदीही तीच. फरक होता तो वाळूच्या गाळणीचा. त्या वाळूवर सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत थर धरतो आणि तोच पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतो, हे पुढे कळले.

शहराची गाळणी घरात आणण्याचे प्रयत्नही याच काळातले. पाश्चरचा सहकारी शांबर्लां याने १८८४ साली झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळी काढली. तिची छिद्रे इतकी बारीक की जंतू अडकून राहत. जर्मनीत बेर्केफेल्डने सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांपासून झालेली माती वापरून तसलीच नळी केली. आपल्या लहानपणी ओट्यावर असलेला स्टीलचा दुमजली फिल्टर आठवतो ना? त्याच्या वरच्या मजल्यातली पांढरी कँडल ही याच नळ्यांच्या कुळातली. पुढे १९८० नंतरच्या दशकात अतिनील किरणांनी जंतू मारणारी यंत्रे आपल्याकडे दारोदार विकली जाऊ लागली. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर प्रयोग झाले. त्यातूनच वीज आणि नळ यांवाचून चालणारा स्वस्त फिल्टर २००९ साली बाजारात आला.

आणि कापडाची पुन्हा परीक्षा झाली ती बांगलादेशात. रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातल्या ६५ गावांत घागरीवर जुन्या साडीची निदान चार पदरी घडी घालून पाणी भरायला शिकवले. २००३ साली निष्कर्ष छापून आला: पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे साडीत अडकतात. शिवाय नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस. धुऊन धुऊन तिचे तंतू सुटतात आणि वीण दाट होते.

आता बाटलीकडे वळू. आपल्याकडे पाणी पाजणे हे पुण्य. चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला पाणपोई घालावी, रांजणावर ओले फडके गुंडाळावे, ही रीत. अशा देशात १९६५ साली ठाण्याला बिसलेरीचे पाणी बाटल्यांत भरून विकायला सुरुवात झाली. १९६९ साली तो धंदा पार्ले कंपनीकडे आला. तेव्हाच्या बाटल्या काचेच्या, गिऱ्हाईक मोठ्या हॉटेलांतले. १९७३ साली अमेरिकेत नॅथॅनियल वायथ यांना पेट प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट मिळाले. बाटली हलकी आणि स्वस्त झाली, आणि हॉटेलातली चैन हळूहळू एस.टी. स्टँडवर आली.

बाटलीला तिची जागा आहे, हे कबूल केले पाहिजे. प्रवासात तिच्यावाचून चालत नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मदत म्हणून पाण्याच्या बाटल्याच धावल्या. पण रोजच्या संसारात तिच्यावर विसंबावे काय? २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेला बाटल्यांतल्या पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडले आणि मग मानके कडक झाली. २०२४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीच्या एका लिटर पाण्यात सरासरी २,४०,००० च्या आसपास प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे आजाराची साथ आली. पाण्यावर संशय गेला, तेव्हा महापालिकेने विहिरींबरोबर खासगी शुद्धीकरण प्रकल्पांचेही नमुने तपासले आणि त्यांतले कित्येक प्रकल्प बंद केले. नळाला भिऊन माणसे ज्या पाण्याकडे वळली होती, तेच संशयात सापडले.

खर्चाचा हिशेब तर चौथीतले पोरही करील. आमच्या गावी २० लिटरचा जार ४० रुपयांना मिळतो. रोज एक म्हटला तर वर्षाला १४,६०० रुपये. कँडलचा स्टीलचा फिल्टर याच्या चौथाईत येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.

पण फिल्टर निवडावा तो शेजारणीचा पाहून नव्हे, आपले पाणी पाहून. गाळ असेल तर आधी तुरटी, फडके, कँडल. जंतूंचे भय असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे, किंवा अतिनील किरणांचे यंत्र घ्यावे. मात्र यंत्रात जाणारे पाणी नितळ हवे, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या आड लपतात. पाणी मचूळ, क्षारांचे असेल तरच आर.ओ.; क्षार काढणारे ते यंत्र एक लिटर पाण्यासाठी बहुधा तीनेक लिटर मोरीत घालवते. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी आपले मानक चांगले मानते. म्हणूनच अशा पाण्याला आर.ओ. लावू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारला सांगितले. आणि फिल्टर कोणताही असो, त्याची निगा राखलीच पाहिजे. महिनोन्महिने न धुतलेली कँडल ही जंतूंची धर्मशाळा होते.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट जाणवते. ज्या घरी नळाचेच पाणी गाळले जाते, त्या घराची नजर नळावर असते. कँडलवर आज मातीचा थर का आला, पाण्याला वास कशाचा, हे त्या घरातल्या बाईला प्रथम कळते. आणि ती चार जणींना घेऊन नगरपालिकेत जाऊन विचारते. जार घेणाऱ्याचा नळाशी संबंध तुटतो. गावातल्या ऐपतदारांनी असा संबंध तोडला, की विचारायला उरतात ते फक्त जार न परवडणारे, आणि त्यांचा आवाज लहान असतो. हॅम्बुर्गच्या श्रीमंतांनी गाळणीचा खर्च वाचवला, पण मेली ती जास्त करून गरिबांच्या वस्तीतली माणसे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी उतरवाल, तशी कँडलही उघडा, मऊ ब्रशने घासा, जुनी झाली असेल तर बदला. पाहुणे आले की पितळी तांब्यातून तेच पाणी निःसंकोच द्या. आणि त्यांनी विचारलेच, "हे पाणी कुठले?" तर अभिमानाने सांगा, "नळाचे. घरीच गाळले आहे."