झोपलेल्यांचा राखणदार

नाशिक जिल्ह्यांतील निफाड हें गांव गोदावरीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. समुद्र तेथून दूर. तरीहि रात्रीच्या प्रवासांत निजलेला मनुष्य कोणाच्या भरंवशावर सुरक्षित असतो, या प्रश्नाचें उत्तर याच गांवीं जन्मलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रांत मिळतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाडास झाला. ते अगदी लहान असतां घरच्या मंडळींबरोबर रात्रीं बैलगाडीनें जात होते. गाडींतील सर्वांचा डोळा लागला आणि मूल रस्त्यावर पडलें. कोणास कळलें नाहीं. गाडी पुढें निघून गेली. सुदैवानें चुलते घोड्यावरून मागून येत होते. मुलानें त्यांस हांक मारली, म्हणून तें वांचलें. झोप हा देहधर्म आहे. तिला दोष देतां येत नाहीं. मात्र कोणीतरी जागें असावें लागतें.

जमिनीवर पडलेलें मूल हांक तरी मारूं शकतें. पाण्यावर ती सोय क्वचितच असते. कोकणच्या खाडींत गलबत रात्रीं नांगरून ठेवलें, तरी तें स्थिर राहील असें नाहीं. भरती-ओहोटी पालटली कीं तें नांगराभोंवतीं फिरतें. वारा वाढला कीं नांगर तळाच्या चिखलांतून सरकूं लागतो, आणि आंत निजलेल्यांच्या नकळत गलबत खडकाकडे जाऊं लागतें. म्हणून दोर पुरेसा लांब सोडणें, किनाऱ्यावरील दोन ठळक खुणांवरून आपली जागा पुनःपुन्हां ताडून पाहणें, इतरांस दिसेल असा दिवा लावणें आणि पाळीपाळीनें जागणें, हीं नावाड्यांचीं पहिलीं पथ्यें होत.

मोठ्या आगबोटींसहि हीं पथ्यें चुकत नाहींत. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली. बर्फामुळें जवळच थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' बोटीवर बिनतारी यंत्र होतें; पण तें चालविणारा एकटाच असून तो थोड्याच वेळापूर्वीं निजला होता. त्यामुळें मदतीची हांक त्या बोटीस ऐकूं गेली नाहीं. दूरच्या 'कार्पेथिया'वरील यंत्रचालकहि निजण्याच्या बेतांत होता. परंतु ऐकण्याचें यंत्र अद्याप त्याच्या कानांस होतें. तेवढ्यावर सुमारें ७०० जीव वांचले. सुमारें १५०० मरण पावले.

या अनर्थानंतर १९१४ सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. बोटीवरील सर्वांस पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या आणि मोठ्या उतारू-बोटींवर बिनतारी यंत्रापाशीं अहोरात्र पहारा, या गोष्टी त्यानें आवश्यक ठरविल्या. पुढें १९९९ पासून संकटाची हांक उपग्रहांच्या साह्यानें आपोआप पोंचविणारी व्यवस्था जगभर पूर्णपणें लागू झाली. तथापि समोरचा अंधार पाहणारा मनुष्य बोटीवरून हललेला नाहीं. शेंकडों उतारू निर्धास्त निजतात, तें त्याच्या जागरणाच्या बळावर.