मागच्या बाजूचे तीन स्क्रू

पॅनेलवर बसवलेला इंडिकेटर तुम्ही पाहिला असेल, पण समोरून. काळी चौकट आणि आत लाल आकडे. माझं काम त्याच्या मागच्या बाजूला चालतं. पत्र्याच्या पॅनेलला ९२ मिलिमीटरचा चौकोन कापायचा, त्यात ९६चा डबा सरकवायचा, मागून क्लॅम्प आवळायचे. मग वायरी. दोन स्क्रू विजेचे, तीन सेन्सरचे. आणि एका कडेला आणखी तीन, त्यांच्यावर एनओ, सी, एनसी असं छापलेलं असतं. रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत मी सोळा वर्षं हे काम करतोय, त्यातली बरीचशी मासळीच्या शीतगृहांत. हे शेवटचे तीन स्क्रू मला किती वेळा कोरे दिसले, याचा हिशेब ठेवला नाही. कधी वायर जोडलेली नसते, तर कधी आत रिलेच नसतो. छापलेली अक्षरं तेवढी असतात, कारण डबा सगळ्यांना एकच.

हे तीन स्क्रू म्हणजे अलार्म. तुमच्या फोनची बॅटरी संपत आली की फोन तुम्हाला सांगतो. समजा तो नुसता आकडा दाखवत राहिला असता, आणि ‘सांगणं’ ही वेगळे पैसे मोजून घ्यायची सोय असती, तर? कारखान्यातल्या इंडिकेटरचं अगदी असंच आहे. आकडा दाखवणं मूळ किमतीत. हाक मारणं ‘ऑप्शनल’.

या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे.

२००३ सालचा ऑगस्ट. मासेमारीची बंदी उठून बोटी नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या, मिरकरवाड्याहून माल येत होता आणि पाऊस थांबत नव्हता. माझे बाबा मिरजोळ्यातल्या एका शीतगृहात ऑपरेटर होते. अमोनियाचे कॉम्प्रेसर चालवायचे आणि दर तासाला सहा चेंबरांची तापमानं रजिस्टरात लिहायची, हे त्यांचं काम. त्या रात्री व्होल्टेज इतकं खालीवर होत होतं की एक कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता. बाबा आणि एक हेल्पर रात्रभर त्याच्याच मागे होते. तिकडे चार नंबर चेंबरमध्ये डिफ्रॉस्ट संपल्यावर गरम गॅसचा व्हॉल्व्ह बंदच झाला नाही. कॉइलवरचा बर्फ वितळवायला कॉइलमध्ये काही मिनिटं गरम गॅस सोडतात. तो सुटतच राहिला तर शीतगृहाची भट्टी होते. पहाटेपर्यंत -२० वरचा आकडा -७ वर आला होता. आत म्हाकूल होतं, बाहेरदेशी जायचं. बाहेरच्या थरातली खोकी मऊ पडली.

इंडिकेटर बिघडला नव्हता. -१५, -१२, -९, सगळे आकडे त्याने बरोबर दाखवले. दाखवले ते पॅसेजच्या भिंतीवर, जिथे तेव्हा कोणी नव्हतं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. रजिस्टरात रात्री ११ ते पहाटे ५पर्यंत चार नंबरच्या रकान्यात बाबांच्या अक्षरात -२०, -२०, -२१, -२० असे आकडे होते. ते खोटे होते. पाच वाजता दमून येऊन त्यांनी सगळे तास एकदम भरले, नेहमी जे असायचं ते लिहून. सकाळी क्वालिटी विभागाच्या खोलीचं कुलूप उघडलं, तेव्हा तिथल्या रेकॉर्डरने कागदावर रात्रभराची चढती रेघ काढून ठेवली होती. टेबलावर रजिस्टर आणि तो कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. बाबांची नोकरी त्याच दिवशी गेली. तेव्हा मी दहावीत होतो.

पुढे आयटीआय करून याच धंद्यात पडलो. काही वर्षांनी त्याच जागेत, मालक बदलल्यानंतर, जुनी पॅनेलं काढायचं काम मिळालं. कपाटात इंडिकेटरच्या मूळ ऑर्डरची प्रत सापडली. जोडसामानाच्या यादीत ‘रिट्रान्समिशन आउटपुट’समोर बरोबरची खूण होती. ‘अलार्म रिले’समोर होती आडवी रेघ.

रिट्रान्समिशन म्हणजे इंडिकेटर जो आकडा दाखवतो तोच ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात बदलून दुसरीकडे पाठवणं. दुसरीकडे, म्हणजे त्या कुलूपबंद खोलीतल्या रेकॉर्डरकडे. थोडक्यात, ज्याने सकाळी साक्ष दिली ती जोड विकत घेतली होती. रात्री हाक मारली असती ती नव्हती घेतली.

असं का झालं असेल, म्हणून मी या डब्याचा इतिहास वाचायला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही की मोजणं आणि सांगणं सुरुवातीला इतकं वेगळं नव्हतंच. अमेरिकेत ऑल्बनी इथे शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने १८३१मध्ये मैलभराहून लांब तारेच्या एका टोकाला वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवली. आजच्या रिलेची टकटक तिथून निघते. त्यानंतर ५२ वर्षांनी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात वॉरन जॉन्सन नावाचा एक मास्तर वैतागला. शाळेचा शिपाई तासागणिक वर्गात यायचा, थर्मामीटर बघायचा, मग खाली जाऊन भट्टीची झडप हलवायचा. जॉन्सनने वर्गातल्या तापमानावर खाली घंटा वाजेल असं यंत्र बनवलं आणि १८८३मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जॉन्सन कंट्रोल्स ही कंपनी त्याचीच. मला यातलं आवडतं ते असं की घंटा वर्गात नव्हती, मुख्याध्यापकाच्या खोलीतही नव्हती. ज्याला हात हलवायचे होते त्याच्यापाशी होती.

पुढे काट्यांची उपकरणं आली. दाबाच्या गेजमध्ये एक काळा काटा आणि एक हाताने लावून ठेवायचा लाल काटा. काळा लालपर्यंत आला की संपर्क जुळणार आणि घंटा वाजणार. मर्यादा तबकडीवरच दिसायची. असले गेज मी अजून एकदोन ठिकाणी पाहतो आणि मला ते फार सभ्य वाटतात.

फाटा फुटला तो आकडे डिजिटल झाल्यावर. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिलची ७१०६, ७१०७ अशी चिप बाजारात आली. व्होल्टेज मोजायचं आणि साडेतीन आकड्यांचा डिस्प्ले पेटवायचा, दोन्ही कामं एकाच चिपमध्ये. पॅनेल मीटर एकदम स्वस्त झाला. पण त्या चिपला ‘हा आकडा जास्त आहे’ हे ठाऊक नव्हतं. मर्यादेशी तुलना करायची तर वेगळं सर्किट आणि वेगळा रिले लागायचा. म्हणून अलार्म हे वेगळं कार्ड झालं आणि किंमतपत्रकात त्याची वेगळी ओळ झाली. नंतर मायक्रोकंट्रोलर आले, तुलना करणं जवळजवळ फुकट झालं. ओळ मात्र राहिली. आज त्या यादीत अलार्म रिलेच्या खाली-वर असतात ते ट्रान्समीटरसाठी २४ व्होल्टचा सप्लाय, संगणकाला जोडायचं आरएस-४८५, पाण्यापासून वाचवणारं पुढचं झाकण. हाक मारणं आणि झाकण एका रांगेत.

मग रिट्रान्समिशन का घेतलं गेलं? कारण ते मागणारं कोणीतरी होतं. १९९७च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली, स्वच्छतेच्या कारणाने. त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरपासून अमेरिकेत मासळीसाठी ‘हॅसप’ ही पद्धत सक्तीची झाली. धोक्याच्या जागा हेरा, त्यांच्यावर नजर ठेवा आणि नजर ठेवल्याची नोंद ठेवा, असा तिचा गाभा. मासळीच्या कारखान्यांना हा हादरा होता आणि त्यातून खूप चांगलंही झालं. फरशा आल्या, पांढरे गमबूट आले. २००५मध्ये युरोपने गोठवलेल्या मालाच्या तापमान-नोंदींचा नियम नव्याने केला. त्यात नोंद किमान एक वर्ष जपायची आहे. गंमत म्हणजे हॅसपमध्ये नोंदीच्या आधी एक पायरी आहे. मर्यादा ओलांडली गेली की काय करायचं, हे ठरवून ठेवण्याची. पण तपासायला येणारा माणूस दिवसा येतो. त्याला कागद दाखवता येतो. रात्री दोनला वाजलेली, किंवा न वाजलेली, घंटा दाखवता येत नाही.

एवढं वाचून झाल्यावर माझी खात्री पटली होती की रिले असता तर बाबांची नोकरी गेली नसती. ती फार टिकली नाही.

कारण बऱ्याच शीतगृहांत रिले आहे, हूटर आहे, आणि हूटरची वायर काढून तिला व्यवस्थित टेप मारलेली आहे. मी तिथल्या ऑपरेटरना विचारलंय. उत्तर एकच: उगाच बोंबलतो. आणि ते खरं असतं. रोज डिफ्रॉस्टच्या वेळी चेंबर थोडं तापणारच. माल भरायला दार उघडलं की आकडा चढणारच. मर्यादा -१८ वर लावून ठेवली तर हूटर दिवसातून आठ वेळा वाजणार. लांडगा आला रे आला. नवव्या वेळी कोण उठेल?

१९७९च्या २८ मार्चला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजले. त्यात उघडा राहिलेला व्हॉल्व्ह कोणाच्या लक्षात आला नाही. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद झाल्याचं सांगत नव्हता, बंद होण्याचा हुकूम गेल्याचं सांगत होता. १९९४मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरपुढे २७५ अलार्म आले. सेकंदांत मोजा, अडीच सेकंदाला एक. अशा अपघातांनंतर १९९९मध्ये अलार्म कसे असावेत यावर ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली, ईईएमयूए १९१. तिचं सार मी माझ्या शब्दांत सांगतो: ज्यावर माणसाने काही करायचं नाही, तो अलार्मच नव्हे.

आणि भोपाळ. भोपाळचं वाचताना मी दोनदा फोन बाजूला ठेवला. मिथाइल आयसोसायनेटची ती टाकी थंड ठेवायची होती. १९८४च्या जूनमध्ये तिचं रेफ्रिजरेशन बंद केलं गेलं. तापमानाचा अलार्म होता ११ अंशांवर. थंड करणंच थांबवल्यावर टाकी कायम त्याच्या वर राहणार, म्हणजे अलार्म कायम वाजणार. तो निकामी करून ठेवला होता. भोंगे दोन होते, एक आतल्या कामगारांसाठी, एक बाहेरच्या वस्तीसाठी, आणि १९८२मध्येच ते एकमेकांपासून सोडवले होते. २-३ डिसेंबरच्या रात्री बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. लोकांनी घाबरू नये म्हणून.

त्या टाकीपुढे आमच्या म्हाकुलाची काय गोष्ट. पण वायरीला मारलेला टेप मला ओळखीचा वाटला.

म्हणून हल्ली मी रिले विकायच्या आधी ऑपरेटरपाशी एक रात्र काढतो. मर्यादा -१८ ऐवजी कुठे असावी, डिफ्रॉस्ट नेमका किती वेळ चालतो, दार किती वेळ उघडं राहतं. मग अलार्मला तेवढा डिले देतो. आकडा चढून उतरला तर हूटर गप्प. चढलेलाच राहिला तर वाजतो आणि बटण दाबल्याशिवाय थांबत नाही. वायर एनसीलाच लावायची, असा माझा हट्ट असतो. सगळं ठीक असताना रिले विजेने ओढून धरलेला, आणि वीज गेली, वायर तुटली की तो आपसूक सुटतो आणि घंटा. यात एक मेख आहे, कोकणात तर नक्कीच: वीज गेली की हूटरचीही जाते. त्यामुळे जोडसामानात १२ व्होल्टची बॅटरी हवी. तीही ऑप्शनल. मालक विचारतात, “रात्री माणूस ठेवलाय ना आकडा बघायला, मग भोंगा कशाला?” मी बाबांचं उदाहरण देत नाही. म्हाकुलाच्या एका कन्साइनमेंटची किंमत सांगतो. ते लवकर समजतं.

गेल्या पावसाळ्यात असंच एक काम संपवलं. तिथल्या रात्रपाळीच्या काकांनी स्वतःच टेप मारला होता. मला बघून आधी ओशाळले, मग भांडले. तीन रात्री त्यांच्याबरोबर बसून डिले लावला.

“आता उगाच नाही ना बोंबलणार?”

“नाही. बोंबलला तर उठा.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते आता सत्तरीला आलेत, त्या रात्रीबद्दल कधी बोलत नाहीत, आणि मीही रजिस्टराचा विषय काढत नाही. पेपरातून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, “हूटर बसवलास कुठे? ऑफिसात?”

“नाही. मशीन रूममध्ये.”

“कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू येतो?”

“दिवा पण लावलाय. फिरता, लाल.”

“पॅसेजमधनं दिसतो का?”

दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन मी तो दोन फूट डावीकडे सरकवला.