ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले

अमेरिकेतील अनेक राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बालवर्गात घेतात. साहजिकच ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान ठरते, तर सप्टेंबरमधले सर्वांत मोठे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, अशा राज्यांत ऑगस्टच्या मुलांमध्ये 'एडीएचडी'चे, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता यांचे निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक होते. मेंदूचा विकार जन्माचा महिना पाहून होत नाही. मग निदानात हा फरक का पडावा?

याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी शाबूत असूनही वर्तनावर ताबा नसलेल्या मुलांविषयी व्याख्याने दिली. त्यांच्या मते हा नैतिक नियंत्रणातला दोष होता. १९३७ साली ऱ्होड आयलंडमधील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी कण्यातील द्रव काढल्यानंतर होणाऱ्या डोकेदुखीवर मुलांना बेंझेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण अनेक मुलांचा अभ्यास सुधारला. मुले त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. औषधाचा गुण पहिल्यांदा दिसला तो असा, शाळेच्या पाटीवर!

पुढे व्याख्या रुंदावत गेली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९६८च्या निदानपुस्तिकेत भर चंचलतेवर होता. १९८०मध्ये तो अवधानावर आला. १९९१पासून अशा मुलांना शाळेत विशेष साहाय्याचा मार्ग मोकळा झाला. २०१३मध्ये लक्षणे दिसण्याची वयोमर्यादा सातवरून बारा वर्षांवर नेली गेली. १९९७-९८मध्ये ४ ते १७ वयोगटातील ६.१ टक्के मुलांना हे निदान मिळालेले होते, २०१५-१६मध्ये १०.२ टक्के.

म्हणून हा विकार थोतांड ठरत नाही. मागच्या बाकावर गप्प बसून हरवलेली मुलगी जुन्या व्याख्येतून निसटत असे. नव्या व्याख्येमुळे तिला मदत मिळू लागली. वाढलेल्या आकड्यांत तीही आहे, आणि वर्गमित्रांपेक्षा वर्षभराने लहान असलेला ऑगस्टमधला मुलगाही. दोघांविषयी पहिली तक्रार बहुधा शिक्षकांकडूनच येते, आणि शिक्षकांची मोजपट्टी म्हणजे उरलेला वर्ग. एकीला निदान नाकारणे अन्यायाचे, दुसऱ्याला ते घाईने देणे तितकेच. त्यामुळे गोळी लिहून देण्यापूर्वी मुलाची जन्मतारीख आणि त्याच्या वर्गातल्या इतरांची वये शेजारी शेजारी मांडून पाहावीत. त्याला खर्च काहीच येत नाही.