प्रयोगशाळेतील इजा आणि तिची नोंद

कामावर झालेल्या इजेची दखल घेण्याची आपली परंपरा गिरण्या-कारखान्यांतून आलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत जखमी कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, अशीही एक होती. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामास मुकतो, तो कळविणे व्यवस्थापकावर बंधनकारक केले. किरणोत्सर्गी पदार्थांपासून होणारे विकारही त्याच्या अनुसूचीत होते आणि असा रुग्ण आढळल्यास मुख्य निरीक्षकास कळविणे हे डॉक्टरचे कर्तव्य होते. विद्यापीठाची अध्यापन-प्रयोगशाळा मात्र ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नव्हती आणि विद्यार्थी ‘कामगार’ या व्याख्येत.

ही पोकळी किती महागात पडू शकते, हे २०१० मध्ये दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले, कोबाल्ट-६० असलेले एक गॅमा यंत्र होते. १९८५ पासून ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. निर्लेखनाच्या कामाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. जडसंग्रह नोंदवहीत वस्तूची किंमत व खरेदीची तारीख असते; तिच्या पोटात काय आहे, हे लिहिण्यास रकाना नसतो.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे. चार दशकांत मूळ तीव्रतेचा एक टक्काही उरला नव्हता. तरीही शिशाचे कवच फोडल्यावर उरलेले पुरेसे होते. माणसांची कातडी काळवंडली, केस गळाले. एकाने तर एक तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाला खबर मिळाली ती एका रुग्णालयाकडून, विद्यापीठाकडून नव्हे. एका कामगाराचा मृत्यू झाला.

मंडळाने विद्यापीठास कारणे दाखवा नोटीस दिली आणि किरणोत्सर्गी पदार्थ वापरण्याची त्याची मुभा स्थगित केली. कायद्याने ते रास्तच होते. परंतु मंडळाची स्थापनाच १९८३ ची. यंत्र त्याहून जुने. आपल्याआधी देशात आलेल्या अशा यंत्रांचा शोध मंडळाने १९८३ नंतर स्वतःहून का घेतला नाही, हा प्रश्न त्या नोटिशीत मावणारा नव्हता.