कुमाऊंतील चीडवनांचे पुनर्जनन व वणव्याचा प्रश्न

चीड हा वृक्ष सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या उगवत नसल्यामुळे मराठीस त्याचे स्वतःचे नाव नाही; आपण हिंदीतील शब्द पत्करला आहे. हिमालयाच्या उतारावरील भाषांत मात्र त्याची नामपरंपरा प्राचीन आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात उल्लेखिलेला ‘सरल’ तो हाच, आणि नेपाळी ‘सल्लो’ हा त्याच शब्दाचा वंशज होय. कुमाऊंत ह्या झाडाच्या राळेस ‘लीसा’ म्हणतात, व गळून पडलेल्या सुयांस ‘पिरूल’. शब्द म्हणजे ज्ञानाचा पुरावा नव्हे, हे मान्य. तथापि पिरूलास वेगळे नाव देणारा समाज वनाविषयी अज्ञ होता, असे गृहीत धरणेही धाडसाचे आहे. वनखात्याने प्रारंभी ते गृहीत धरले.

चिडाचे पंखयुक्त बी एप्रिल-मे महिन्यांत गळते व पावसाळ्यात रुजते. पिरूलाचा थर जाड असला की कोवळे मूळ मातीपर्यंत पोहोचत नाही आणि पाऊस सरताच रोपटे वाळून जाते. त्यास उघडी माती हवी, तसेच भरपूर ऊनही हवे. बी गळण्यापूर्वी थर जळून गेला तर रुजवणीस तो उपकारकच ठरतो. परंतु पुढील काही उन्हाळ्यांत पुन्हा आग आली तर तीच रोपटी नष्ट होतात. (किंचित वाढलेले रोप बुडापासून पुन्हा फुटू शकते, पाइन-कुळात हा गुण विरळा.) म्हणजे खरा प्रश्न आग असावी की नसावी हा नसून, ती केव्हा असावी, हा आहे. आर. एस. ट्रूप यांनी १९१६ साली ह्या वृक्षाच्या संवर्धनावर स्वतंत्र प्रबंध लिहिला, तो ह्याच काळातला. मोजके बीजवृक्ष राखून बाकीचे तोडावयाचे व मोकळ्या उजेडात नवी पिढी वर येऊ द्यावयाची, ही पद्धती त्या सुमारास कुमाऊंत रुजत होती. नव्या पिढीस वर्षानुवर्षे आगीपासून जपणे हे तिचे मर्म.

नेमका येथेच संघर्ष उद्भवला. पावसाळ्यात कोवळे गवत मिळावे म्हणून ग्रामस्थ उन्हाळ्यात उतार जाळीत असत. १९११ ते १९१७ ह्या काळात सुमारे ३००० चौरस मैल जंगल राखीव झाले आणि ही वहिवाट गुन्हा ठरली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथे वेठबिगारीची प्रथा मोडण्यात आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चीडवने पेटली व जोपासलेली रोपटी मोठ्या प्रमाणावर जळाली. रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की ह्या आगी खात्याच्या उत्पन्नाच्या चीडवनांतच लागल्या, रुंदपर्णी वनांस त्यांची झळ पोहोचली नाही. म्हणून त्यांत हेतू दिसतो. हे प्रतिपादन एकंदरीत पटण्याजोगे आहे. परंतु ओलसर बांजवन मुळातच सहजी पेटत नाही, आणि राळयुक्त पिरूल ठिणगीसरशी भडकतो. तेव्हा आगीच्या स्थानावरूनच हेतूचे अनुमान काढणे अपुरे होय. आंदोलनाचा काळ व लोकांच्या तक्रारी ही त्याहून बळकट प्रमाणे आहेत.

१९२१ मध्येच तक्रार-समिती नेमली गेली; १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. इकडे खात्यानेही थंडीच्या दिवसांत नियंत्रित आग लावून पिरूल काढून टाकण्याची रीत अंगीकारली. गुन्हा ठरलेली कृती अशा रीतीने वेळ बदलून व हात बदलून कार्ययोजनांत परतली. ग्रामस्थांचे ऋण मात्र त्यांत कोठे नोंदलेले आढळत नाही.

चिपको आंदोलनानंतर १९८१ साली १००० मीटरांहून उंच प्रदेशांत हिरवी झाडे तोडण्यास बंदी झाली, आणि बीजवृक्षपद्धतीचा कणाच मोडला. जेथे तोड नाही तेथे जुन्या झाडांच्या छायेत चिडाची रोपटी खुरटतात. उलट छाटणीने विरळ झालेल्या बांजवनात, कोणी न लावताही, ती जोमाने वर येतात.