क्षयाचा जंतु आणि अर्धवट औषध

राजयक्ष्मा हें नांव आपल्याकडे फार जुनें आहे. दक्षाच्या शापानें चंद्रास क्षय लागला आणि पुढें उःशाप मिळून तो कलेकलेनें पुन्हां वाढूं लागला, ही पुराणकथा लहानपणीं आपण सर्वांनींच ऐकलेली असते. चंद्रास मिळालेला हा उःशाप मनुष्यास मिळावयास मात्र विसाव्या शतकाची चाळिशी उलटावी लागली. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें वारल्या. तेव्हां त्यांना बाविसावें वर्ष चालू होतें. रोगाचें कारण त्या वेळीं अज्ञात होतें असें नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु विद्वानांच्या पुढें ठेवला होता. शत्रु ओळखला गेला, परंतु त्यावर चालवावयास शस्त्र नव्हतें. तें हातीं आल्यावर आपण कसें चालविलें, एवढेंच आम्ही येथें सांगणार आहों.

कॉख यांच्या शोधानंतर साठ वर्षें स्वच्छ हवा, सकस अन्न आणि अंथरुणावरील विश्रांति हाच मुख्य उपचार राहिला. १९४३ सालीं अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठांत, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यास मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें त्याची परीक्षा घेतली. औषध थोडें व रोगी फार, म्हणून तें कोणास द्यावयाचें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडतां यदृच्छेवर सोंपविण्यांत आलें. १०७ रोग्यांपैकीं ५५ जणांस औषध व विश्रांति, आणि ५२ जणांस केवळ विश्रांति मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ आणि दुसऱ्यांतील १४ रोगी दगावले. १९४८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हां वैद्यकाच्या जगांत मोठा आनंद झाला.

परंतु त्याच वृत्तांतांत एक अशुभ वार्ताहि होती. औषध घेणाऱ्यांपैकीं ज्यांचे जंतु तपासले, त्यांतील बहुतेकांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिनचा प्रभाव कांहीं महिन्यांतच उरला नव्हता. पांच वर्षांनीं पुन्हां मोजदाद केली, तेव्हां औषध घेतलेल्या ५५ पैकीं ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकीं ३५ मृत झाले होते. औषधानें मृत्यु टळला नव्हता. पुष्कळांच्या बाबतींत तो पुढें ढकलला गेला होता.

असें कां व्हावें? 'शरीराला औषधाची संवय झाली' असें आपल्या घरांत सहज बोललें जातें, पण तें खरें नव्हे. बदल रोग्याच्या शरीरांत होत नाहीं, जंतूंच्या समुदायांत होतो; आणि तोहि जंतु कांहीं शिकतात म्हणून होत नाहीं. फुप्फुसांतील एका पोकळींत दहा कोटि जंतु असूं शकतात. त्यांची वाढ होत असतां सुमारें दहा लाखांत एखादा जंतु, औषधाचा स्पर्श होण्यापूर्वींच, केवळ योगायोगानें असा निपजतो कीं त्यावर तें औषध चालत नाहीं. औषध देतांच बाकीचे मरतात आणि या शंभरांना मोकळें रान मिळतें. मात्र निराळ्या रीतीनें मारणारीं दोन औषधें एकदम दिलीं, तर दोहोंतून निसटणारा जंतु दहा लाख गुणिलें दहा लाख इतक्यांत एखादाच; म्हणजे त्या पोकळींत तो बहुधा नसतोच. पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला देऊन ब्रिटिश संशोधकांनीं १९५० च्या सुमारास हेंच प्रत्यक्षांत दाखविलें. १९५२ सालीं आयसोनायझिड आलें. मद्रास येथें १९५६ सालीं निघालेल्या केंद्रानें तर १९५९ सालीं सिद्ध केलें कीं, नीट औषध घेतल्यास गरीबाच्या घरींहि रोगी आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. अनेक औषधें एकत्र, आणि तीं ठरलेल्या मुदतीपर्यंत: इलाजाचें सूत्र इतक्या लवकर हातीं आलें होतें.

याच काळांत शास्त्रज्ञांच्या मनांत एक आशा उत्पन्न झाली. शरीरांत टिकून त्याचा नाश करण्याची जंतूची मारकशक्ति आणि औषधास दाद न देण्याची त्याची प्रतिरोधशक्ति हे दोन निरनिराळे गुण आहेत. आयसोनायझिडला दाद न देणारे अनेक जंतु गिनीपिगांस टोंचले असतां ते दुबळे ठरतात, असें मिडलब्रुक व कोन यांना १९५३ च्या सुमारास आढळलें. कारणहि मोठें मार्मिक आहे. आयसोनायझिड स्वतः निरुपद्रवी असतें. जंतूच्या अंगांतील कॅटलेज नांवाचें एन्झाइमच त्यास विषारी रूप देतें. तें एन्झाइम गमावणारा जंतु औषधांतून सुटतो, पण आपल्या शरीरांतील पेशी ज्या पेरॉक्साइडनें जंतूंवर मारा करितात, त्याविरुद्धची त्याची ढालहि तेंच असतें. जंतु एक जीव वांचवितो आणि ढाल टाकून देतो. तेव्हां असे जंतु फारसे पसरणार नाहींत, असें मानण्यास आधार होता.

ही आशा टिकली नाहीं. ज्या मद्रासी रोग्यांस औषध अद्याप दिलेंहि नव्हतें, अशा पुष्कळांचे जंतु गिनीपिगांत दुबळे ठरल्याचें १९६० सालीं दिसून आलें. आणि त्याच जंतूंनीं त्या माणसांचीं फुप्फुसें पोखरलीं होतीं. गिनीपिग म्हणजे मनुष्य नव्हे. पुढें १९९२ सालीं या एन्झाइमच्या जनुकाचा औषधाशीं असलेला संबंध उघड झाला, आणि रोग्यांत वारंवार आढळणारा बदल अगदीं लहान असतो हेंहि कळलें: औषधास विषारी रूप मिळत नाहीं, पण ढाल बरीचशी शाबूत राहते. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंतहि, आधींच्या बदलानें आलेली दुर्बलता भरून काढणारे दुसरे बदल आढळले आहेत. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत व तुरुंगांत अनेक औषधांस न जुमानणारा क्षय एकापासून दुसऱ्यास होत गेला, तेव्हां दुबळेपणाच्या समजुतीस आधार उरला नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. मुंबईंत धारावी भागांतील १०० खाजगी डॉक्टरांची पाहणी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांनीं क्षयासाठीं ८० निरनिराळे औषधक्रम लिहून दिले होते. २०१० सालच्या तशाच पाहणींत १०६ डॉक्टरांपैकीं अवघ्या ६ जणांची चिठ्ठी बरोबर होती. २०११ च्या अखेरीस मुंबईंतील डॉक्टरांनीं अशा चार रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला कीं, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलें एकहि औषध चालत नव्हतें. त्यांतील तिघांनीं एकामागून एक डॉक्टर पालटले होते, आणि प्रत्येक ठिकाणीं चुकत चाललेल्या उपचारांत एखादें नवें औषध तेवढें वाढविण्यांत आलें होतें. एका वेळीं एकच नवें औषध, ही १९४८ सालची अजाणतां झालेली चूक साठ वर्षांनीं जाणत्या जगांत जशीच्या तशी घडली. बेडाक्विलिन हें २०१२ सालीं मान्यता पावलेलें औषध. त्यालाहि दाद न देणारे जंतु आढळूं लागले आहेत.

या सर्वांचा दोष रोग्याच्या माथीं मारणें सोपें आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगीं बळ येतें, रोजगार बुडत असतो, आणि उरलेल्या गोळ्यांनीं मळमळ तेवढी होते. अशा वेळीं गोळ्या सोडणारा मनुष्य मूर्ख नसतो. आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाची गोष्ट मात्र निराळी आहे. मुलीचें लग्न मोडेल या भीतीनें रोगाचें नांव झांकणें, गांव सोडून लांबच्या डॉक्टराकडे जाणें, आणि जरा बरें वाटतांच 'आतां पुरे' म्हणणें, हें आमच्याच घरांतून होतें. त्याची किंमत त्या एका मुलीसच नव्हे, तर तिच्याजवळ बसणाऱ्या भावंडांसहि द्यावी लागते, कारण त्यांना जो जंतु लागतो तो पहिल्यापासूनच औषधास न जुमानणारा असतो.

असो. आनंदीबाईंस देण्यासारखें औषध जगांत कोणापाशींच नव्हतें. आज बहुतेक रोग्यांसाठीं सहा महिन्यांचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. तें पुरे होईपर्यंत घरांतील एखाद्या माणसानें रोज रोग्यापाशीं बसून गोळ्या घेतल्या कीं नाहीं हें पाहावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.