कर्परचेतांची गणना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मेंदूतून थेट निघणाऱ्या कर्परचेतांच्या १२ जोड्या ही निसर्गदत्त संख्या नसून ती वर्गीकरणातून ठरली आहे. दुसऱ्या शतकात गेलेनने सातच जोड्या मानल्या. गंधचेतेला त्याने चेता गणलेच नाही. टॉमस विलिसने १६६४ च्या ‘सेरेब्री अनातोमे’ या ग्रंथात तिला पहिले स्थान दिले. तथापि चेहऱ्याच्या स्नायूंची चेता व श्रवणचेता त्याने एकाच जोडीच्या ‘कठीण’ आणि ‘मऊ’ शाखा ठरविल्या. कार्य सर्वस्वी भिन्न, पण त्या शेजारून निघतात एवढेच! गॉटिंगेन येथे झोमरिंगने १७७८ मध्ये पदवीच्या प्रबंधात त्या वेगळ्या करून १२ जोड्या मोजल्या. विद्यार्थ्याची ही गणना आजही रूढ आहे. परंतु दुसरी, म्हणजे दृष्टिचेता, गर्भावस्थेत मेंदूचाच फाटा म्हणून वाढते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मेरुरज्जूच्या विकारात ती वारंवार बाधित होते, ती यामुळेच.